तिसरी आणि कालव: भरतीचं पाणी कोण कसं गाळतं?
तिसरी आणि कालव, दोन्ही खाडी-समुद्रातले शिंपल्यात राहणारे जीव. दोघांचंही अन्न एकच: भरतीच्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, कल्ल्यांनी गाळलेलं. फरक आहे तो जागेचा. कालव खडकाला कायमचं चिकटलेलं. त्याला नळ्या नाहीत. शिंपले किंचित उघडले की पाणी थेट कल्ल्यांवरून जातं.

तिसरी वाळूत गाडलेली, म्हणून ती दोन नळ्या वर काढते. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. मला तिचंच जास्त कौतुक वाटतं. ताज्या तिसऱ्या खाडीच्या पाण्यात परातीत ठेवा आणि शांत बसा. थोड्या वेळाने फटीतून नळ्यांची टोकं डोकावतात, बोट लागताच आत जातात.

नको असलेला गाळ दोघंही चिकट गोळ्यांत गुंडाळून बाहेर टाकतात. तरी तिसऱ्यांत वाळू उरतेच, म्हणून रांधण्याआधी त्या काही तास मिठाच्या पाण्यात ठेवायच्या.