उतरत्या तळाची पेटी: मीठ आपल्या घरचे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यातल्या शाळेसाठी डिसेंबरात मागवलेली ही 60 सेंटिमीटर लांबीची पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी, हिवाळ्यात किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात जड झालेले पाणी तळ धरून खोल समुद्रात कसे उतरते, हे दाखवण्यासाठी बनवलेली आहे. भूगोलाच्या पुस्तकातला भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) आणि खंडान्त उतार (त्यापुढचा खोल जाणारा उतार) तिच्या तळाशी चांगले घडवले आहेत. त्यासाठीच ती घेण्याजोगी आहे.

सोबतची पुस्तिका मात्र फसवते. साधे पाणी भरून उथळ भागात बर्फाचे खडे सोडा, असे ती सांगते. गोडे पाणी 4 अंशांखाली गेले की पुन्हा हलके होऊन वरच रेंगाळते, तर समुद्राचे पाणी गोठेपर्यंत जड होत जाते; मीठ वगळले की निम्मा विषयच वगळला जातो. आम्ही लिटरमागे 35 ग्रॅम मीठ विरघळवले. तरीही पहिला प्रयोग फसला, कारण वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी वर तरंगत राहिले. बर्फ स्टीलच्या डब्यात घालून तो डबा उथळ भागात ठेवला आणि त्याच खाऱ्या पाण्यात कालवलेले लाल औषध डब्याखाली अलगद सोडले, तेव्हा काही मिनिटांत लालसर पट्टा उतारावरून खाली सरकू लागला. थंडीत नाल्याकाठच्या खोलगट वावरातच तूर आधी का गारठते, हे मुलांना ठाऊक होते. थंड, जड हवाही अशीच सखल जागी उतरते, हे त्यांनी आम्ही सांगण्याआधीच ओळखले.

प्रत्यक्ष समुद्रात बर्फाच्या डब्याचे काम वारा करतो. इटलीच्या पूर्वेचा उत्तर एड्रियाटिक समुद्र सरासरी जेमतेम 35 मीटर खोल असल्याने त्यात उष्णतेचा साठा थोडा; बोरा नावाचा कोरडा, थंड वारा ती उष्णता ओढून नेतो, शिवाय बाष्पीभवनाने खारटपणा वाढवतो. 2012 च्या कडक हिवाळ्यात तेथील पाण्याची घनता घनमीटरला 1030 किलोग्रॅमच्या वर गेली होती. समुद्राच्या पृष्ठभागावर ती एरवी 1025 च्या आसपास असते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर पाणी गोठताना मीठ बाहेर टाकले जाते आणि बर्फाखालचे पाणी त्याने जड होते. पुस्तिकेत यातले काहीच नाही.

पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम या पेटीत दिसू शकत नाही, हा दोष बनवणाऱ्याचा नव्हे. पण पुस्तिकेने तो परिणाम सांगायला हवा होता. उत्तर गोलार्धात असा प्रवाह उजवीकडे वळतो, म्हणून एड्रियाटिकचे जड पाणी सरळ खाली न घसरता इटलीचा किनारा धरून दक्षिणेकडे जाते आणि 1200 मीटरहून खोल अशा द्रोणीत उतरते.

पेटीच्या एका जोडातून पाणी झिरपत होते. तक्रार केल्यावर विक्रेत्याने पेटी बदलून न देता चिकटद्रव्याची नळी पाठवली. तिने गळती थांबली. वेगळ्या किमतीला मिळणारे झाकण घेऊ नये, ते लावल्यावर बर्फाचा डबा मावत नाही.