दोन टीबीची डिस्क, एक्सफॅट आणि माझी फुकट गेलेली जागा (आठ महिन्यांनंतर)

मागच्या रविवारी डिस्क लॅपटॉपला लावली तर म्हणे 'स्कॅन अँड फिक्स' करू का. कर बाबा म्हटलं. झालं, आणि बघतो तर गणपतीच्या फोटोंचा फोल्डर गायब, त्याच्या जागी 'फाउंड' नावाचा कुठला तरी फोल्डर आणि आत शंभरेक सीएचके फाइल्स, म्हणजे दुरुस्तीत सापडलेले बेवारशी तुकडे. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच.

डिस्क नेहमीचीच, २ टीबीची, दाखवते १.८१, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. तिच्याबद्दल तक्रार नाही, भांडण फॉरमॅटशी आहे, म्हणजे डिस्कवर फाइल्स कशा मांडायच्या त्या पद्धतीशी; एनटीएफएस, फॅट३२, एक्सफॅट या तिच्याच जाती. घरात माझा विंडोज लॅपटॉप, मुलीचा ऑफिसचा मॅक, हॉलमधला टीव्ही आणि माझा फोन, चौघांना एकच डिस्क चालली पाहिजे एवढीच अपेक्षा. डिस्क आली ती एनटीएफएस. माझ्याकडे मस्त, टीव्हीवर पण मस्त, मुलीच्या मॅकवर सगळं दिसतं पण एक फाइल टाकता येत नाही, कारण मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, लिहीत नाही. लिहायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर घ्या. अडीच वर्षांपूर्वीची छत्री अजून वापरतोय मी, घरचेच फोटो घरच्याच डिस्कवर टाकायला पैसे देणार नाही.

मग फॅट३२ करून बघितलं. विंडोजच्या खिडकीतून एवढी मोठी डिस्क फॅट३२ होतच नाही, ३२ जीबीच्या वर तो पर्यायच दाखवत नव्हता, एक फुकटचं टूल शोधून केलं. दुसऱ्याच दिवशी भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ, ११ जीबीची एक फाइल, टाकायला गेलो तर 'फाइल खूप मोठी आहे'. डिस्कवर सव्वा टीबी मोकळी आणि फाइल मोठी! फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या आत लागते हे मला माहीत होतं हो, पण विसरलो होतो. स्टेशनजवळच्या एका दुकानात सहज विचारलं तर फॉरमॅट करून द्यायचे ५०० म्हणाला. दोन क्लिकचे ५००! तसाच गोखले रोडने चालत घरी आलो आणि स्वतःच एक्सफॅट केलं.

पहिले तीन महिने खरंच सुख. मॅक लिहितो, विंडोज लिहितो, टीव्ही वाचतो, फोनला ओटीजीने (फोनला डिस्क जोडायच्या छोट्या केबलने) लावली तरी उघडते. मी सोसायटीच्या ग्रुपवर चार जणांना 'एक्सफॅटच करा' असं सांगून मोकळा झालो होतो.

मग एक दिवस प्रॉपर्टीज उघडलं. व्हॉट्सअॅपच्या जुन्या बॅकअपचा फोल्डर, स्टिकर, थंबनेल असला कचरा, ४१ हजार फाइल्स. साइज ८०० एमबी. आणि खाली 'साइज ऑन डिस्क' ५ जीबी! मी चष्मा पुसून परत बघितलं. प्रकार असा की ३२ जीबीच्या वरची डिस्क एक्सफॅट करताना विंडोज आपणहून १२८ केबीचे खण पाडतो, मग फाइल २ केबीची असली तरी अख्खा खण तिचा. पोळीच्या डब्यात एक लवंग ठेवल्यासारखं. आणि त्यावर कडी म्हणजे मॅक. मुलीने तिकडून ६,२०० फोटो टाकले तर प्रत्येक फोटोमागे टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी ४ केबीची एक लपलेली फाइल पण आली, म्हणजे परत १२८ केबी गुणिले ६,२००, पाऊण जीबी हवेत. टीव्हीवर त्या लपत पण नाहीत. अण्णा रिमोट घेऊन बसले आणि एक फोटो दिसतो, पुढचा 'फॉरमॅट सपोर्ट नाही', परत एक दिसतो, परत नाही. "अर्धे फोटो खराब केलेस तू," म्हणाले, ते अजून मानत नाहीत की फोटो तेवढेच आहेत.

मला झोप येईना. सगळा डेटा भाच्याकडे ऐरोलीला नेऊन त्याच्या डिस्कवर रात्रभर कॉपी केला, परत फॉरमॅट केलं, या वेळी 'अलोकेशन युनिट साइज'मध्ये, म्हणजे खणाच्या मापात, ३२ केबी निवडून. मॅकवर टर्मिनलमधून डॉट-क्लीन नावाची कमांड चालवली की त्या अंडरस्कोरवाल्या पिल्लावळी जातात, ते मुलीकडून करून घेतलं. सगळं मिळून चार जीबीच्या वर जागा वाचली. "बाबा, १८०० मधले ४ जीबी, आणि रात्रभर दोन लॅपटॉप चालू, त्याचं लाईट बिल?" असं ती म्हणाली. तिला काय, पगार नवीन आहे.

इथपर्यंत लिहून एक्सफॅटला दोन स्टार देणार होतो, पण रविवारच्या प्रकारानंतर कळलं की मी भलत्याच गोष्टीवर अडून बसलो होतो. एनटीएफएसमध्ये जर्नल असतं, काय लिहायला घेतलं त्याची आधी नोंद होते, मध्येच वायर निघाली तरी डिस्क स्वतःला सावरते. एक्सफॅटमध्ये ते नाही. फॅट३२ मध्ये निदान कुठली फाइल कुठे आहे त्या टेबलच्या दोन प्रती असतात, इथे साधारणपणे एकच. शनिवारी सकाळी मुलीने मॅकवर कॉपी संपल्यासारखी दिसली म्हणून इजेक्ट न करता, म्हणजे डिस्क काढतोय हे मॅकला आधी न सांगता, वायर ओढली, लोकल गाठायची होती. विंडोजची सवय वाईट लागलीये, तिथे २०१८ च्या अपडेटपासून बाहेरच्या डिस्कला 'क्विक रिमूव्हल'च, म्हणजे न सांगता काढता येईल असं सेटिंग असतं, त्यामुळे मी स्वतः कित्येकदा तसाच ओढतो आणि काही होत नाही.

सीएचके फाइल्सना पुढे जेपीजी लावलं तर बहुतेक फोटो उघडले. ११ नाही उघडले, त्यातला एक आरतीच्या वेळी आईचा होता, नशीब तो फोनमध्ये होता.

तीन स्टार देतो. एक्सफॅटच ठेवलंय, कारण चौघांना चालणारं दुसरं काही नाही, पण खरे फोटो आता जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर एनटीएफएसमध्ये वेगळे ठेवतो आणि ती डिस्क मुलीला दाखवत नाही. मोठ्या डिस्कवर पांढरी मेडिकल टेप लावून मार्करने 'आधी इजेक्ट' लिहिलंय. काल परत तशीच ओढली.