पद्मनाभपुरम: अनवाणी पाहायचा राजवाडा

कन्याकुमारीला सूर्योदय आणि विवेकानंद शिलास्मारक पाहून लगेच परतणाऱ्या मराठी प्रवाशांनी मुक्कामात अर्धा दिवस वाढवावा आणि तेथून सुमारे ३५ किलोमीटरवर, तक्कलै गावालगत असलेला पद्मनाभपुरमचा राजवाडा अवश्य पाहावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिरुवनंतपुरमला हलेपर्यंत त्रावणकोरची राजधानी येथेच होती. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत हा परिसर तामिळनाडूत गेला, तरी वाड्याची देखभाल आजही केरळचे पुरातत्त्व खाते करते.

वाड्याचा आरंभ सतराव्या शतकातला असला, तरी आजच्या रूपाचे मोठे श्रेय मार्तंड वर्मा यांचे आहे. १७४१ मध्ये कुळच्चलच्या लढाईत डचांना हरवणाऱ्या या राजाने १७५० मध्ये आपले राज्य पद्मनाभस्वामींच्या चरणी अर्पण केले आणि यापुढे आपण देवाचे दास म्हणून कारभार पाहू, असे ठरवले. चार मजली उप्परिका माळिकेत सर्वांत वरचा मजला देवाचा आणि राजाचे शयनगृह त्याच्या खाली का आहे, याचा उलगडा त्यामुळे होतो.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते येथील लाकूडकाम आणि जमीन. प्रवेशाच्या पूमुखातील छतावर ९० फुले कोरलेली आहेत आणि त्यांतले एकही दुसऱ्यासारखे नाही. वरच्या मंत्रशाळेत, म्हणजे राजाच्या मसलतीच्या दालनात, खिडक्यांच्या लाकडी पट्ट्यांतून वारा येतो, रंगीत अभ्रकातून मंद उजेड पाझरतो, आणि बाहेर कितीही ऊन असले तरी दालन गार राहते. चुना, नारळाच्या करवंटीचा कोळसा आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केली असे सांगितली जाणारी काळी जमीन आरशासारखी चकचकीत आहे. पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात, हे उत्तमच. या जमिनीचा गुळगुळीत गारवा तळपायालाच कळतो. उतरती कौलारू पाखे, खोल वळचणी आणि मधले चौक पाहताना आपल्या कोकणातील घरे आठवतात. धो धो पाऊस आणि दमट उकाडा ओळखून घर कसे बांधावे, हे जाणणाऱ्या सुतारांची ही वास्तू आहे.

सर्वांत जुन्या ताई कोट्टारममधील, म्हणजे राजमातेच्या महालातील, फणसाच्या लाकडाच्या कोरीव खांबापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. त्या मानाने पाहुण्यांसाठी बांधलेले इंद्रविलास मला उपरे वाटले. त्याची उंच छते आणि मोठे दरवाजे युरोपीय वळणाचे आहेत, आणि बाकी वाड्याचा ठेंगणा, सावलीचा आपलेपणा तेथे हरवतो. उलट हजारभर माणसांची पंगत बसेल असे लांबच लांब भोजनगृह आणि त्यातील लोणच्याचे रांजण पाहायला विसरू नये.

वाडा सोमवारी बंद असतो. सकाळी लवकर गेल्यास मंत्रशाळेतील उजेड शांतपणे पाहता येतो आणि सगळ्या वाड्यासाठी किमान तीन तास हाताशी ठेवावेत.