कोरड्या डोळ्यांसाठी व्हॉल्व्हची बाटली आणि नेत्रतर्पण: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी बाटलीचं बोलू, कारण पैसे तिथेच गळतात. सीएमसीची (कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज, म्हणजे कृत्रिम अश्रूंच्या थेंबांची) १० मिलीची साधी बाटली सगळ्यांना ठाऊक आहे. थेंब साधारण ४० मायक्रोलिटरचा आणि डोळ्यात मावतात जेमतेम ३०. म्हणजे एकच थेंब सांडतो, दुसरा तर थेट गालाला! वर उघडल्यापासून महिन्याभरात फेकायची. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा एकेक थेंब घातला, तर महिन्याला १२० थेंब लागतात. बाटलीत असतात २५०. निम्म्याहून जास्त औषध कचऱ्यात.

प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेली, जंतू आत जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची बाटली महाग म्हणून नकोशी वाटायची. पण हातातल्या लेबलवर उघडल्यानंतर तीन महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे हिशेब फिरला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागणाऱ्यांनी तर हीच घ्यावी. काही साध्या बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते अश्रूंचा पडदाच बिघडवतं. खोट एकच, पण रोज डोक्यात जाते: दाबायला भलतीच कडक. नवी बाटली उलटी धरून थेंब दिसेपर्यंत दाबत-सोडत राहावं लागतं. सांधे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हे कसं जमायचं? कंपन्यांनी एकदा त्यांच्या हातात देऊन बघावी.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं हलका दाबा, नाहीतर औषध घशात उतरतं. दुसरं औषध पाच मिनिटांनी, मलम सर्वात शेवटी.

डोळ्यात टिकण्याच्या बाबतीत तर्पण (डोळ्याभोवती पिठाची पाळ, म्हणजे बांध घालून त्यात तूप धरायचा आयुर्वेदिक उपचार) सरस, कारण तूप पाळीत अडवलेलं असतं. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात जव-उडदाच्या पिठाची दोन अंगुळं उंच पाळ सांगितली आहे. तूप गरम पाण्यावर पातळ करून मिटलेल्या डोळ्यावर पापण्यांचे केस बुडेपर्यंत ओतायचं, मग हळूहळू उघडझाप. काळ्या भागाच्या विकाराला ७०० मात्रा (एक मात्रा म्हणजे साधारण पापणीच्या एका उघडझापेइतका वेळ), दृष्टीच्या विकाराला ८००. शेवटी बाहेरच्या कोपऱ्याकडून तूप काढून घ्यायचं.

गळती हमखास नाकाच्या बाजूने होते: तिथे उतार असतो आणि पीठ सैल असलं की भेग पडते. कणीक घट्ट हवी, आतला सांधा ओल्या बोटाने लिंपलेला हवा. रबरी कडांचे गॉगल वापरणारेही आहेत. नाकाशी ते नीट बसले तरच उपयोग. तूप ओतण्याआधी तो सांधा वैद्यांकडून पुन्हा तपासून घ्या आणि तुपाचा थेंब मनगटावर टाकून बघायला सांगा. लेन्स काढून ठेवायची. नंतर बराच वेळ धूसर दिसतं, तेव्हा परतताना गाडी दुसऱ्याने चालवावी.

घरच्या कढवलेल्या तुपाचा प्रयोग मात्र नको. ते निर्जंतुक नसतं. डोळा लाल असेल, पू येत असेल, तर तर्पण रद्द करून आधी नेत्रतज्ज्ञ गाठा.