३८३ स्ट्रोकर, चौदा महिन्यांनंतर : टॉर्कबद्दल थोडे आणि पुठ्ठ्यावरच्या डागाबद्दल बरेच

गॅरेजमध्ये तेलाची गळती कळावी म्हणून गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा आज सलग एकविसाव्या दिवशी कोरडा निघाला, म्हणून हा अनुभव लिहायला घेतला आहे. हाच मजकूर मी जूनमध्ये लिहिला असता, तर डेट्रॉइटच्या उपनगरातील एका मशीन शॉपविषयी त्यात असे काही आले असते, की जे आज मलाच खोडावे लागले असते.

गाडी १९६९ ची शेवरले कॅमॅरो आहे. इंजिन मूळचे ३५० घनइंचांचे, ते आता लांब स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली प्रवासाचा) क्रँक घालून ३८३ घनइंचांचे केले आहे, यालाच स्ट्रोकर म्हणतात; गिअरबॉक्स तीन गतींचा ऑटोमॅटिक, मागे १० बोल्टांचा ॲक्सल आणि ३.०८ चे गुणोत्तर. ३८३ म्हणजे काय, हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही ‘बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला की झाला स्ट्रोकर’ असे मानणारे अधूनमधून भेटतात, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की ब्लॉक ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर केल्याने ३५० चे जेमतेम ३५५ होतात. उरलेले २८ घनइंच ३.४८ इंचांऐवजी ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक बसवल्याने मिळतात, आणि हा स्ट्रोक शेवरलेच्याच ४०० घनइंची इंजिनाकडून उसना घेतलेला आहे. पूर्वी लोक त्या ४०० चा क्रँक शोधून आणत आणि त्याचे मेन जर्नल (ज्यांवर क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो ते गोल भाग) २.६५ इंचांवरून २.४५ इंचांपर्यंत उतरवून घेत. आता ३५० च्या ब्लॉकमध्ये थेट बसणारा क्रँक तयार मिळतो.

तयार मिळतो म्हणून स्वस्त पडतो असे मात्र नाही. आतून बॅलन्स केलेल्या, म्हणजे समतोलाचे सगळे वजन क्रँकवरच असलेल्या संचापेक्षा बाहेरून बॅलन्स होणारा संच १८० डॉलरांनी स्वस्त होता, म्हणून मी तो घेतला. या प्रकारात ४०० प्रमाणेच काही वजन पुढच्या बॅलन्सरवर आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर (क्रँकला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या चकतीवर) असते, त्यामुळे ३५० च्या या दोन्ही वस्तू चालत नाहीत, हे मला खरेदीपूर्वीही माहीत होते, पण बेरीज करायची मी टाळली. दोन्ही नव्याने घेतल्यावर २३० डॉलर गेले. म्हणजे बचत करून ५० डॉलर जास्त खर्च झाले, आणि ही गोष्ट मी घरी अजून सांगितलेली नाही.

कामाची वाटणी अशी होती. बोअरिंग, टॉर्क प्लेट लावून होनिंग, ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सपाट करणे, बॅलन्सिंग आणि क्रँकपासून पिस्टनपर्यंतची जुळणी हे सर्व शॉपने करायचे, आणि कॅमशाफ्ट, हेड, इनटेक मॅनिफोल्ड हा वरचा भाग मजुरी वाचवण्यासाठी मी घरी बांधायचा. लांब स्ट्रोकमुळे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट चेंबर (तळाचे तेलाचे भांडे) बसते त्या कडेला आणि कॅमशाफ्टलाही घासू शकतात. त्या कडेला खाचा पाडाव्या लागतात आणि त्या पाडताना पलीकडच्या पाण्याच्या पोकळीपर्यंत पोहोचायचे नसते. शॉपने हे काम उत्तम केले होते. क्रँक हाताने फिरवत मी स्वतः प्रत्येक रॉडजवळचे अंतर तपासले आणि कुठेही ते ६० थाऊंपेक्षा कमी भरले नाही. ही नोंद मी मुद्दाम करतो, कारण पुढे याच लोकांवर मी अविश्वास दाखवला.

इंजिनाच्या गुणांविषयी फार लिहीत नाही, कारण त्याविषयी माझे मत पहिल्या दिवसापासून बदललेले नाही. कॉम्प्रेशन ९.६ आहे आणि ९३ ऑक्टेनवर नॉक होत नाही. चाकांवर ३२८ अश्वशक्ती आणि ३८१ पौंड-फूट टॉर्क मोजला गेला. यातला अश्वशक्तीचा आकडा गप्पांपुरता आहे. रस्त्यावर जाणवतो तो टॉर्क. ताशी ६५ मैलांवर इंजिन सुमारे २,६०० फेऱ्यांवर असते आणि तिथून पुढे जायला गिअर उतरवावा लागत नाही, पाय थोडा दाबला की पुरते. जुने ३५० याच ठिकाणी आधी विचार करायचे. सहा हजार फेऱ्यांपर्यंत नेण्याचा मोह मी आवरतो. त्या वेगाला पिस्टनची सरासरी गती मिनिटाला ३,४८० फुटांवरून ३,७५० फुटांवर गेलेली असते आणि माझे पिस्टन फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) नाहीत. इंधन गॅलनला १३ मैल. आधी १४ मिळत होते, त्यामुळे तक्रार नाही. ऑगस्टमध्ये वूडवर्ड ॲव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझच्या गर्दीत तासभर रांगत असतानाही तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

आता डागाकडे येतो.

पहिल्या सहाशे मैलांनंतर रोज सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा काळा डाग दिसू लागला. थेंब इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून, अगदी तळाशी पडत होता. १९८६ पूर्वीच्या या ब्लॉकांना मागचे मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाशी तेल अडवणारे) दोन तुकड्यांचे असते आणि त्याची गळकेपणाबद्दलची ख्याती जुनी आहे, त्यामुळे आरोपी शोधण्याची गरजच मला वाटली नाही. सील शॉपने बसवले होते, म्हणून दोष शॉपचा, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला. त्यांनी गाडी घेतली, इंजिन उचलून चेंबर उतरवले आणि नवे सील बसवताना दोन तुकड्यांचे सांधे मेन कॅपच्या (क्रँकला खालून धरणाऱ्या टोपीच्या) सांध्याशी जुळू नयेत म्हणून सील किंचित फिरवून बसवले. सीलचे पैसे लावले नाहीत, मजुरीचे ३१० डॉलर लावले. स्वतःच्या चुकीची मजुरी ते माझ्याकडून कशी घेतात, असा वाद घालून मी १४० डॉलर कापून बाकीचे दिले.

हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ पडते, म्हणून गाडी नोव्हेंबर ते एप्रिल उभीच होती. मे महिन्यात डाग परत आला. या वेळी मी स्वतः पाठीवर पडून दोन शनिवार-रविवार खर्च केले, पुन्हा नवे सील घातले, आणि आठव्या दिवशी डाग पुन्हा हजर झाला. तेव्हा मी शॉपला एक कडक ईमेल पाठवली. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते : इंजिन आधी स्वच्छ धुवा आणि गळती वरून शोधत खाली या. मला ती सरळसरळ टाळाटाळ वाटली.

जुलैमध्ये कोल्हापूरला काकांशी व्हिडिओवर बोलताना हा विषय निघाला. उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षे लेथवर काढली आहेत. त्यांनी कॅमेरा इंजिनाखाली धरायला लावला, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “आरं, त्याल वरनं खाली येतंय का खालनं वर जातंय? आधी वर बघ की.” शब्दांचा फरक सोडला तर शॉपने हेच सांगितले होते. काकांचे मात्र मी त्याच रात्री ऐकले.

आठ डॉलरांचे चमकणारे रंगद्रव्य तेलात मिसळले, वीस मैल गाडी फिरवली आणि गॅरेजचे दिवे मालवून अतिनील टॉर्च लावला. मागच्या सीलजवळ जे तेल होते, ते तिथे पाहुणे म्हणून आलेले होते. हिरवी रेघ डिस्ट्रिब्युटरच्या मागून, इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाखालून निघून ब्लॉकच्या पाठीवरून सरळ खाली उतरत होती. मॅनिफोल्डखालच्या त्या कडेला इथले लोक ‘चायना वॉल’ म्हणतात आणि तिथे सिलिकॉनचा जाड थर द्यावा, हा सल्ला कुणीही देते. मी तिथे गॅस्केटच्या संचात आलेली बुचाची पट्टी लावली होती, कारण ती फुकट आली होती आणि टाकून देणे जिवावर आले होते. तेलाच्या ओलाव्यात ती पट्टी मधोमध बाहेर सरकली होती. मॅनिफोल्ड माझ्या हातचे, पट्टी माझ्या हातची, आणि शॉपचे सील दोन्ही वेळा निर्दोष.

केवळ पट्टीलाच दोष द्यावा, असेही नाही. ती बाहेर का ढकलली गेली, याचा शोध घेताना कळले की मी निवडलेल्या कॅमशाफ्टमुळे इंजिन निष्क्रिय चालताना व्हॅक्यूम जेमतेम १२ इंच (पाऱ्याचा) असतो, आणि क्रँककेसमधील वाफा ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह मी साध्या, जास्त व्हॅक्यूमच्या इंजिनाचाच ठेवला होता. तो नीट ओढत नव्हता, त्यामुळे आत थोडा दाब साठायचा आणि तेल जिथे फट सापडेल तिथून वाट काढायचे. डिपस्टिकच्या नळीवर गेज लावून हे खात्रीने दिसले. आता बदलता येणारा व्हॉल्व्ह बसवून तो या कॅमशाफ्टला जुळवून घेतला आहे, मॅनिफोल्ड सिलिकॉनवर बसवले आहे, आणि गेज दाबाऐवजी किंचित ओढ दाखवतो. पुन्हा इंजिन बांधायचे झाले तर ३८३ च बांधेन आणि शॉपही हेच असेल. मात्र संच आतून बॅलन्स केलेला घेईन आणि बुचाच्या पट्ट्या खोक्यातच राहू देईन.

गेल्या शनिवारी शॉपमध्ये जाऊन १४० डॉलर रोख दिले आणि काय झाले होते ते सांगितले. मालकाने नोटा मोजल्या, पावती फाडली आणि मॅनिफोल्डला कोणते सिलिकॉन लावले ते विचारले. मी सांगितल्यावर त्याने मान हलवली आणि तो पुन्हा कामाला लागला. पुठ्ठा मात्र मी बदललेला नाही. जुन्या प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने गोल काढून तारीख लिहिली आहे, म्हणजे उद्या नवा डाग पडला तर तो जुन्यांत लपणार नाही.