जग्वार ई-टाईप 4.2 : पन्हाळ्याच्या वाटेवर

दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक पाहत वाढलेल्या कोल्हापूरकरांना जुन्या मोटारींचे अप्रूप शिकवावे लागत नाही. तरीही गेल्या महिन्यात एका स्नेह्यांची 1966 सालची जग्वार ई-टाईप कूपे (बंद छपराची मोटार) रंकाळ्यापासून पन्हाळ्यापर्यंत चालवायला मिळाली, तेव्हा लांबच्या प्रवासासाठी घडवलेल्या ब्रिटिश मोटारींची ओढ इतकी वर्षे का टिकली, हे मला प्रथमच नीट उमगले.

मार्च 1961 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही मोटार लोकांसमोर आली. विमाननिर्मितीत काम केलेल्या माल्कम सेयर यांनी हवेच्या प्रवाहाचे गणित मांडून तिचा आकार ठरवला. इंजिन मात्र जग्वारच्याच 1948 पासूनच्या एक्सके घराण्यातले, सहा सिलिंडरांचे; याच घराण्यातील इंजिनांनी 1951 ते 1957 या काळात फ्रान्समधील ल मांची 24 तासांची शर्यत पाच वेळा जिंकली होती. 1964 मध्ये त्याची क्षमता 3.8 वरून 4.2 लिटर झाली. 265 अश्वशक्तीचा आकडा तसाच राहिला, पण इंजिन सावकाश फिरतानाची खेचण्याची ताकद वाढली आणि पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश (गिअर अलगद पडू देणारी यंत्रणा) मिळाले, म्हणून घ्यायची तर 4.2 च घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाघबीळच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जराही न कुरकुरता चढत राहते, तेव्हा ते पटते.

मागचे डिस्क ब्रेक चाकांत नसून डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या गिअरपेटीला) लागून बसवलेले आहेत. त्यामुळे चाकांसोबत वरखाली हलणारे वजन कमी राहते आणि खराब रस्त्यावरही बैठक शांत वाटते. त्या ब्रेकपर्यंत हात पोहोचवणे मात्र कष्टाचे काम आहे.

मला सर्वांत भावली ती तिची दुरुस्त होण्याची तयारी. थ्रॉटल शाफ्ट (हवेची झडप फिरवणारा दांडा) झिजून एसयू बनावटीचे, पेट्रोल-हवा मिसळणारे कार्बोरेटर फटीतून जादा हवा ओढत होते, मोटार उभी असताना इंजिन डगमगत होते आणि एका विक्रेत्याने पाठवलेले बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) मापाचे नव्हते. शेवटी शिवाजी उद्यमनगरातील एका टर्नरने जुना शाफ्ट मायक्रोमीटरने मापून पितळी बुश लेथवर काढून दिले. जुन्या ऑइल इंजिनांवर हात बसलेल्या त्या कारागिराला इंची आटे नवे नव्हते. संगणकावर चालणाऱ्या आजच्या कोणत्याही मोटारीला त्याचे हे कसब असे कामी आले नसते.

स्नेही आता तिच्यातून गोव्याला निघाले आहेत. बाजूला उघडणाऱ्या मागच्या दारातून दोघांचे सामान सहज मावते. गतिरोधक तेवढे तिरके आणि सावकाश घ्यावे लागतील.