पार्थियन नाणं घेतलं, माल ओरिजिनल पण पाकीट बदला

कॉलेज रोडच्या नाणी प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरून प्राचीन इराणातल्या पार्थियन घराण्याचा राजा दुसरा ओरोडेस (इ.स.पू. 57 ते 38) याचा ड्राखमा, म्हणजे चांदीचं नाणं, घेतला, मालकांनी काट्यावर वजन दाखवलं, चार ग्रॅमला जरा कमी, भिंगही स्वतःहून हातात दिलं. राजाच्या कपाळावरची चामखीळसुद्धा कोरलीय राव! मागच्या बाजूला धनुष्य घेऊन बसलेला तिरंदाज, भोवती ग्रीक अक्षरं, आणि नाव मात्र अर्साकेस, कारण बहुतेक सगळे पार्थियन राजे घराण्याच्या मूळ पुरुषाचंच नाव टाकायचे, मग ओळखायचं चेहऱ्यावरून. क्षत्रप राजा नहपानाची नाणीही होती, आपल्या नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या साठ्यात निघाली तसली, भाव ऐकून गपचूप ठेवली. बिल पक्कं मिळालं, पण नाणं ठेवायचं पाकीट पीव्हीसी प्लास्टिकचं देतात, त्यात नाणं हिरवट चिकट होतं, घरी गेल्या गेल्या काढा.